डावीकडचे कोन

संघपाल खोब्रागडेला मी कधी स्वस्थ बसलेला पाहिला नाही, आणि त्याचं पोट मात्र बसण्यावरच चालतं. तुमसरला त्याचं लहानसं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर बसतो, संघपाल डावीकडे. त्याच्या पायाशी ब्रेक आणि क्लचचे जादा पेडल असतात. समोरून धानाचा ट्रक आला, की शिकणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत गाडी थांबलेली असते. नोकरीची शेवटची वर्षं उरली असताना मीही त्याच्याकडे शिकलो. "साहेब, त्या सायकलवाल्याले पाहा, मले नका पाहू," हे वाक्य मी रोज ऐकलं.

दिवसभर दुसऱ्याच्या हातातली गाडी हळू चालवून घ्यायची, हे या माणसाच्या अंगात मावत नाही. जेवताना त्याचा गुडघा हलत असतो. आई तुळसाबाई म्हणते, "बाबू, ताट हालून राहिलं. वरण सांडीन." मग तो गुडघा थांबवतो आणि बोटं वाजवायला लागतो.

शेवटी त्याने स्कूलची एक जुनी झेन गाडी शिकवणीतून काढली आणि आंधळगावला कैलाशच्या गॅरेजमध्ये नेली. कैलाशने डावीकडचे पेडल काढले. मागची सीट, स्टेपनी, दारांचे आतले पत्रे असं सगळं वजन उतरवलं. वळणावर गाडी कलू नये म्हणून स्प्रिंगा आखूड केल्या. दर आठवड्याला ब्रेक उघडायचे, चाकांची हवा कमीजास्त करून पाहायची, क्लचचा ताण बघायचा. कधी कधी तर काही बिघडलेलं नसतानाच संघपाल गाडीखाली शिरलेला असायचा.

नागपूरच्या काही हौशी लोकांचं एक मंडळ हिवाळ्यात आसपासच्या गावांत ऑटोक्रॉस शर्यती भरवतं. रस्त्याच्या कामावर असतात तसले नारिंगी कोन मैदानात मांडून वाकडीतिकडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. जिला कमी वेळ लागेल ती पुढे. मात्र कोन पाडला, की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात.

संघपाल वेगात कोणाला ऐकायचा नाही. पण त्याची एकही फेरी साफ जायची नाही. कुठेतरी एक कोन आडवा व्हायचाच. लोक हसायचे, "ड्रायव्हिंग स्कूलवालाच कोन पाडते!" हे त्याला झोंबायचं, कारण त्याच्याकडे शिकणाऱ्याने सरावाला मांडलेला साधा डबा हलवला तरी तो त्याला त्या दिवसापुरता नापास करायचा.

इकडे शिकणारे वाढले आणि स्कूलला दुसरी गाडी लागायला लागली. मग एक दिवस गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर तो बोलून गेला, "भंडाऱ्याच्या शर्यतीत एक फेरी साफ नाही काढली, तर पेडल परत बसव. गाडी शिकवणीले लावतो."

कैलाशने पेडल पुसून खुंटीला टांगले. "सर, मी तर आत्ताच ग्रीस लावून ठेवतो."

धान निघाल्यावर आंधळगावच्या एका मोकळ्या खळ्यावर सराव सुरू झाला. कोन म्हणून तेलाचे रिकामे डबे. डबे मांडायला आणि पडलेले उचलायला त्याची बायको रश्मी. स्कूलचं ऑफिस तीच सांभाळते. एका रविवारी तिने डबा उचलला आणि तिथेच उभी राहिली.

"अजी, एक गोष्ट सांगू? तुमचा पडते तो डबा दर वेळी डावीकडचाच राह्यते."

"योगायोग असन."

"उजवीकडचा एक बी पडला नाही आजवर. मी उचलतो ना, मले माहीत आहे."

संघपालने खिडकीतून डोकं बाहेर काढून डब्याकडे पाहिलं. रश्मी जवळ आली. "दिवसभर तुमी डावीकडं बसता. गाडीची डावी कड तुमच्या मांडीखालीच असते. आता उजवीकडं बसून बी तुमचं मन तिकडंच बसून राहिलं."

संघपाल खाली उतरला, गाडीभोवती फिरला, आणि पुन्हा आत बसला. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला त्याने लाल फडकं बांधलं. उपयोग झाला नाही. फडक्याकडे बघताना पुढचं वळण चुकायला लागलं.

"कोणी बाजूले बसलं तर तिकडं किती गाडी आहे ते समजन," रश्मी म्हणाली. "हेल्मेट घालून बसू देतात ना ते?"

"शर्यतीत बायकोले बसवू? लोक हासतील."

"आता काय ते रडून राहिले?"

भंडाऱ्याचं मैदान मुरमाचं होतं. प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. मी, कैलाश आणि रश्मी दोरीच्या अलीकडे उभे होतो. पहिल्या फेरीत संघपालने डावीकडचा कोन उडवला. दुसऱ्या फेरीत तो इतका सांभाळून गेला, की आता जमलं असं वाटलं, आणि शेवटून दुसऱ्या वळणावर मागच्या डाव्या चाकाने कोन लोळवला.

कैलाश म्हणाला, "चला, पाने काढून ठेवतो."

संघपाल गाडीतून उतरेना. मग त्याने आतूनच डावीकडचं दार उघडलं. "बसतेस?"

रश्मीने हेल्मेट चढवलं. पदर खोचून बसली आणि मोठ्याने म्हणाली, "मी इथं आहे. माह्यावर घालू नका म्हणजे झालं."

झेंडा पडला. मुरूम उडाला. पहिलं वळण, दुसरं, मग कोनांच्या रांगेतून नागमोडी. डावीकडचे कोन जागच्या जागी उभे होते आणि गाडी त्यांच्यापासून चांगली हातभर लांबून जात होती. कैलाश माझा दंड धरून दाबत होता. शेवटच्या दोन कोनांमधून बाहेर पडताना मात्र गाडी जरा जास्तच उजवीकडे गेली. उजवा कोन डुलला, सरकला, आणि उभा राहिला.

पंच चालत कोनाकडे गेले. निवृत्त फौजी वाटावा असा ताठ माणूस. प्रत्येक कोनाभोवती चुन्याची चौकट आखलेली असते. कोन सरकला तरी त्याचा काठ त्या चौकटीला टेकून असेल, तर तो उभाच धरतात. पंच वाकले, बघितलं, हात वर केला. "साफ!"

कैलाशने शिट्टी मारली. संघपाल मात्र धावत कोनापाशी गेला, उकिडवा बसला, आणि काठाला बोट लावून पाहिलं.

"साहेब, हा हालला."

"हलला. पण चौकटीवर आहे."

"हालला म्हणजे हालला. दंड लिहा."

पंच सरळ उभे राहिले. "इतकी वर्षं मी हे काम करतोय. लोक माझ्याशी भांडतात ते दंड काढा म्हणून."

"माह्याकडं पोरगं असतं तर मी नापास केलं असतं."

"तुमच्याकडे करा. इथला नियम मंडळाचा आहे. साफ म्हणजे साफ. बाजूला व्हा, पुढची गाडी उभी आहे."

रश्मी हेल्मेट काखेत धरून आली. "अजी, चला. त्यायनं पास केलं, तुमी कायले नापास होऊन राहिले?"

कोनांपासून लांबून वळल्यामुळे वेळेच्या यादीत तो बराच खाली होता. पण फेरी साफ होती आणि गॅरेजमध्ये दिलेला शब्द सगळ्यांना ठाऊक होता. परतताना आम्ही आंधळगावला थांबलो. कैलाश खुंटीवरचे पेडल हातात घेऊन उभा राहिला. "सर, सांगा. लावू का ठेवू?"

संघपालने गाडीच्या टपावर हात ठेवला. पंचाचा निकाल त्याला पटला नव्हता, आणि आपला निकाल द्यायला त्याचा जीव होत नव्हता.

"ठेव. शिकवणीले दुसरी गाडी पाहीन, तिले लाव." मग लगेच खाली वाकला. "पण हिचं पुढचं चाक पाह्य बरं. उजवीकडं ओढून राहिली."

"गाडी नाही ओढत, अजी," रश्मी म्हणाली. "तुमी ओढून राहिले."

संघपाल तोवर गाडीखाली शिरला होता आणि पाना मागत होता.