राखेत पुरलेली सुरी

तिनं सुरी माह्या पायाजवळ फेकली. हातात दिली नाई. फेकली. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात, भर दुपारी, साऱ्या लोकायसमोर.

"हे घे तुझं लोखंड! वांगं कापत नाही, वांगं! ठग कुठले."

एवढं बोलून ती पदर सावरत दोन पावलं मागं सरकली. मी खाली ऐरणीपाशी बसली होती. माह्या मानसानं लगेच हात जोडले. "चुकलं बाईसाहेब." काय चुकलं ते त्याले बी मालूम नव्हतं. गिऱ्हाईक थांबून पाहून राह्यले होते. विळा घ्याले आलेला एक मानूस विळा ठेवून निंगून गेला. त्याची पाठ मले अजून दिसते.

मी सुरी उचलली. पातं निळं-काळं पडलं होतं. मुठीचं लाकूड तोंडापाशी जळलेलं. अंगठ्यानं दाबलं तं पातं वाकलं आनि तसंच वाकलेलं राह्यलं. माह्या हातची सुरी अशी वाकत नाई. वाकली तं टनकन् परत सरळ होते.

आमी भंडाऱ्याकडचे. गावातली मेलेली ढोरं ओढनं सोडलं, दीक्षा घेतली, आनि भिलाईले कारखाना उभा होऊन राह्यला म्हनून इकडं आलो. पयले टोपल्यानं माती वाह्यली. मंग माह्या मानसाले एका ठेकेदाराच्या लोहारखान्यात काम भेटलं. सब्बल, म्हनजे पहार, तापवायची, छिन्नीले टोक काढायचं. तो शिकला. मी डबा घेऊन जायची अन् पाहत बसायची. पाहून पाहून मी बी शिकली. मंग सुपेल्याले आमी आमची भट्टी टाकली.

दुर्गच्या भंगारातून ट्रकच्या कमानीचे पाटे आनायचे. तो सांडशीनं धरे, मी घण मारो. पन पानी मात्र माह्या हातचं. लाल झालेली सुरी पान्यात बुडवायची, मंग पुन्हा जराशी शेकायची, रंग वाळल्या गवतावानी पिवळा आला का थांबायचं. याले पानी देनं म्हनतात. पानी नाई चढलं तं सुरी म्हनजे नुसती पत्र्याची पट्टी. माह्या मानसाचा हात घाईचा. त्याच्या पान्यानं सुऱ्या तुटत. तो सोता म्हने, "पानी तूच दे." आमच्या सुरीचं बाजारात नाव झालं ते त्या पान्यानं. दुसरं काय होतं आमच्यापाशी?

ही बाई पयल्यांदा आली तवा मले लय आनंद झाला होता. हे सांगताना आता मले माहीच किळस येते. पन खरं आहे ते. सारीकडं हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, काय काय. अन् अचानक कानावर आलं, "अगं, मराठी का तुम्ही?" मले वाटलं माहेरचं मानूस भेटलं. मी तिले पाटावर बसवलं. चार सुऱ्या दाखवल्या. तिनं माह्या हातातून सुरी घेतली, हसली, म्हने, "काय सुरेख धार आहे गं!" तिचा नवरा एका ठेकेदार कंपनीत साहेब. कामगारायच्या मेसचं सारं सामान त्याच्या हाती. म्हने, "साहेबांना सांगते. मेसच्या सगळ्या सुऱ्या तुमच्याकडूनच घेऊ."

आमाले घाम फुटला आनंदाचा. तेवढ्या कामात भट्टीवर पक्कं छप्पर आलं असतं.

उठता उठता तिनं विचारलं, "आडनाव काय गं तुमचं?"

मी सांगितलं. हसत सांगितलं. हिंदीवाल्यायले आमच्या आडनावातून काई समजत नव्हतं. मराठीवालीले समजलं. तिचं हसू थिजलं. सुरी पिशवीत टाकली, हात लुगड्याले पुसला अन् गेली. मी येडी, मले वाटलं घाम पुसला.

पुढच्या बाजाराले तिनं ती सुरी फेकली.

माह्या मानसानं तिले दुसरी देली. ती म्हने, "खाली ठेव." त्यानं खाली ठेवली. तिनं पान्याचा शिपका मारला अन् मंग उचलली. आठ दिवसानं ते बी परत. पुन्हा निळं-काळं पातं, पुन्हा जळकी मूठ, पुन्हा बाजारभर तोच तमाशा. "या लोकांच्या हाताला काही गुणच नाही." मी म्हनलं, "अवो, सुरी जळली हाये, दिसत नाई का तुमाले?" माहा मानूस म्हने, "चूप राय. मेसचं काम तिच्या हाती हाये." अन् गिऱ्हाईक? ते आता दुरूनच जात होते. माहं पानी खराब झालं, असं सारा बाजार बोलून राह्यला होता.

तिसरी सुरी मी सोता घेऊन गेली, तिच्या क्वार्टरवर. मागच्या दारानं ये म्हने. मी मोरीपाशी उभी राह्यली, सुरी खाली ठेवली. तिनं दरवाजा उघडा ठेवला, मी पाहत असतानाच. माह्यापासून लपवायचं काय होतं? तिनं सुरी चिमट्यानं उचलली अन् शेगडीत, धगधगत्या कोळशात खुपसली. पातं लाल होऊन राह्यलं होतं. मंग ते लाल पातं तिनं बाजूच्या गरम राखेत पुरलं.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"शुद्ध करते. घरात देव आहेत. अग्नी आणि भस्म, दोन्ही झालं की मग चालतं."

तिच्या तोंडावर लाज नव्हती. दूध तापवते बोलल्यासारखं बोलली.

"अवो, पुन्हा लाल करून राखेत थंड केलं तं पानी उतरते! सुरी मरते! आगीतूनच तं निंगाली हाये ते. किती डाव जाळसान?"

तिले समजलं, मी तिच्या डोळ्यात पाह्यलं. मले वाटलं, आता म्हनन, चुकलं. बाजारात माह्या नावाची माती केली, निदान तिथं येऊन एक शब्द बोलन. पन ती जवळ आली, म्हनजे जेवढी येऊ शके तेवढी, अन् लाडानं म्हने, "हे बघ, मेसची ऑर्डर मी देववते. साहेबांचा माणूस येईल नाव लिहायला. त्याला लोहार सांगा. कशाला ते आडनाव सांगत फिरता? तुमचंही भलं, आमचंही."

शिव्या देल्या असत्या तं बरं होतं. त्या गोड बोलन्यानं मले ओकारी आली. खरंच आली. रस्त्यानं एका झाडाखाली बसून मी ओकली.

घरी सांगितलं तं माहा मानूस उलीसा विचार करून म्हने, "सांगू ना लोहार. काम तं लोहाराचंच करतो. काय बिगडते?"

"सांगा तुमी. मी नाई सांगत."

"तुह्या तोऱ्यानं छप्पर येनार हाये का?"

मले त्याची बी किळस आली. ज्या मानसानं दीक्षेच्या दिवशी माहा हात धरून सांगितलं होतं का आता कोनापुढं वाकायचं नाई, तोच हा. पन त्याचे हात पाह्यले, साऱ्या बोटायवर डागल्याचे व्रण, तं त्याच्यापुढं भाकर वाढली.

बाजाराच्या दिवशी साहेबाचा मानूस आला. हातात कागद. "आप लोग लोहार हो ना?"

माह्या मानसानं तोंड उघडलं. मी घण ऐरणीवर हानला. एकच. बाजूचे लोक वळले.

"नहीं," मी म्हनलं. "महार थे. अब बौद्ध हैं. लिखना है तो यही लिखो."

तो हसला. त्याले वाटलं मी मजाक करून राह्यली. मी तिची जळलेली सुरी अन् माही चांगली सुरी शेजारी ठेवली. दोन्ही वाकवून दाखवल्या. साऱ्यायले सांगितलं, हिंदीत, तुटक्या हिंदीत, तिनं सुरी कशी जाळली अन् कावून जाळली. कोनी थू केलं, कोनावर केलं माहीत नाई. काही जन आमच्याच भट्टीपासून दूर सरकले. तो मानूस कागद घडी करून निंगून गेला. ऑर्डर गेली. छप्पर गेलं. माहा मानूस चार दिवस भट्टीकडं फिरकला नाई, पाचव्या दिवशी भाता चालवाले बसला.

मले रडू आलं का? नाई आलं. मले सोताचाच राग होता, त्या हसून सांगितलेल्या आडनावाचा नाई, त्या हसन्याचा. तिच्या मराठीले माहेर समजली त्याचा.

तवापासून कोनी सुरी घ्याले आलं का मी पयले आडनाव सांगते, न विचारता, न हसता. मंग सुरी हातावर धरते. घ्यायची तं माह्या हातातून घे. ज्यानं "खाली ठेव" म्हनलं, त्याले मी सुरी देत नाई. मंग तो साहेब असो का साहेबाचा बाप, वांगं दातानं तोडून खाय म्हनते.