बंगळूरला आपलं कुणी नाही

आईला घेऊन कुठे जायचं हे मी उलट्या बाजूने ठरवलं. जिथे आमच्या नात्यातलं किंवा गावातलं एकही माणूस नाही, असं मोठं शहर मला हवं होतं. मुंबई आधीच बाद. पुण्यात दोन मावश्या, बडोद्याला मामा. शेवटी बंगळूर उरलं. शुक्रवार ते रविवार, आम्ही दोघीच.

"हॉटेलात?" अळूच्या जुड्या बांधता बांधता आईने विचारलं. आमच्या वाडीच्या तिन्ही बाजूंना आता इमारती आल्यात. उरलेल्या तुकड्यात ती अजून अळू, केळी, मोगरा पिकवते आणि त्या तुकड्याला सोडून कुठे जात नाही.

"तीन दिवस तू चूल बघायची नाहीस, भांडी घासायची नाहीत."

"मग करायचं काय?"

"बसायचं. माझ्याशी बोलायचं."

"ते इथे बोलतेच की."

इथे ती मला हाका मारते, त्याला बोलणं म्हणत नाहीत. आम्ही दोघी निवांत बसलो म्हणजे मध्ये सोलायच्या वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप असणार, आणि ते रिकामं झालं की आई उठणार. नोकरी लागल्यापासून हे माझ्या मनात होतं. तिच्या हातात काही नसताना ती कशी बोलते, हे मला एकदा बघायचं होतं.

बाबांनी वाडीचं बघायचं कबूल केलं आणि आई हो म्हणाली. मी विमानाची तिकिटं काढली, खोलीचे पैसे भरले. त्यानंतर आठवड्याभरात एका संध्याकाळी कामावरून आले, तर दारच्या ओट्यावर शेजारच्या काकी बसलेल्या आणि दोघींचे चेहरे खुललेले.

"अगं, सोय झाली!" आई म्हणाली. "काकींच्या बहिणीची मुलगी बंगळूरलाच दिलीये. घर मोठं आहे म्हणे. तिथेच उतरायचं."

"आई, हॉटेल ठरलंय."

"ते रद्द कर. आपलं माणूस असताना बाहेर राहिलो तर तिला काय वाटेल?"

"कालपर्यंत ती आपलं माणूस नव्हती! तू तिला पाहिलंयस तरी का?"

"बारशाला गेले होते की तिच्या."

काकी हसल्या. "बाय, शिकून मोठी झालीस. पण बोलावणाऱ्याला नाही म्हणायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

काकी गेल्यावर बघते तर आईने वाडीतली केळी सुकवून केलेल्या सुकेळीची पाकिटं काढून ठेवलेली. त्या मुलीसाठी. मग मात्र माझा तोल गेला आणि इतकी वर्षं न बोललेलं बोलून गेले.

गावच्या शाळेतून मी मुंबईच्या कॉलेजात गेले तेव्हा आत्याच्या घरी राहिले. आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. तिने ठेवून घेतलं नसतं तर आमच्या घरात पहिला पदवीधर झालाच नसता, हे मी कधी विसरणार नाही. पण त्या घरात मी सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करायचे. भात पुन्हा वाढू का विचारलं की पोट भरलं म्हणायचे. माझी चादर सगळे उठायच्या आत घडी करून कपाटामागे.

"आत्याने त्रास दिला तुला?" आईचा आवाज बारीक झाला.

"नाही दिला. म्हणून तर सांगता येत नव्हतं. मला आता कुणाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नाही, एवढंच. आणि तू तर पहिल्याच सकाळी त्या मुलीच्या आधी उठून तिचा स्वयंपाकाचा ओटा पुसशील."

आईने ते नाकारलं नाही. तिने सुकेळी पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर त्या मुलीला फोन लावला. पलीकडून आमच्या घरची बोली ऐकू आली, भराभर, एका श्वासात. "मावशी, या हो. इथे आपलं बोलायला कुणीच नाही." मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल तिचा रागही आला.

"येते गं," आई म्हणाली. "पण राहायला नाही. लेकीच्या ऑफिसचं काम निघालंय तिथे, ऑफिसनेच हॉटेल दिलंय. नाही म्हणता येत नाही. ती दिवसभर कामात, मी एकटी काय करू? शुक्रवार, शनिवार दुपारी तुझ्याकडेच येते."

आयुष्यात मी आईला इतक्या सफाईने खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. फोन ठेवून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मी शाबासकी द्यावी.

"शनिवारी मला सुट्टी असते!"

"तुला शनिवारीही बोलावतात असं सांगितलंय. नाहीतर म्हणाली असती, दोघी या."

"आणि मी काय करायचं दोन दिवस?"

"फीर की. मोठं शहर आहे."

मी सुकेळीची पिशवी उचलून दाणकन टेबलावर ठेवली. आई तिथेच उभी राहिली.

"रविवार नाही दिला तिला," ती म्हणाली. "मागत होती. नाही दिला."

रविवारचं आमचं विमान सकाळचं होतं, म्हणजे तो दिवस हातात नव्हताच. ऑफिसात सोमवारची रजा टाकली, वरचे पैसे भरले आणि परतीची तिकिटं सोमवार संध्याकाळवर ढकलली. आईला अजून सांगितलेलं नाही. विमानतळावर सांगेन. आधी कळलं, तर सोमवारही कुणाला तरी देऊन मोकळी होईल.