सहा फूट फिल्म

आधीच सांगून ठेवतो... मी देव मानतो, पण तो गणपतीपुरता आणि सत्यनारायणापुरता. भूत, नजर, करणी यांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअरकीपर आहे. नट-बोल्ट मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, संध्याकाळी रॅक आणि रजिस्टर जुळलं की घरी जायचं. दोनदा मोजून जे सारखं येतं तेच खरं, असं मानणारा मी माणूस. म्हणूनच खालची हकीकत मी पाच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

१९८४ सालचा जानेवारी. आम्ही तेव्हाही घाटकोपर पूर्वेला पंतनगरमध्येच राहत होतो, तळमजल्यावर. मी, माझी पत्नी नलिनी, मुलगी वंदना — ती तेव्हा सहावीत — आणि तिसरीतला मुलगा. एकूण माणसं चार.

नलिनीचा धाकटा भाऊ सुहास अंधेरीला एका एडिटरकडे असिस्टंट होता. सात वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे कापून-जोडून झाल्यावर त्याने स्वतःचा मराठी सिनेमा काढायचं ठरवलं. निर्माता नाही, स्टार नाही. कॅमेरा भाड्याचा, सोळा एमएमचा. नट हौशी नाटकवाले. मुलुंड पूर्वेला एका मित्राचा नवा फ्लॅट रिकामा होता, वास्तुशांतीला अवकाश होता, तेवढे एकवीस दिवस शूटिंग. मी शिल्लक रजा टाकून मदतीला गेलो.

सुहासने मला एकच काम दिलं. कच्च्या फिल्मचे बावीस डबे त्याने कुठून कुठून जमवले होते, डब्यात चारशे फूट. त्यावर फूटभरही मिळणार नव्हती. सोळा एमएमची फिल्म मिनिटाला छत्तीस फूट जाते. सिनेमा दीड तासाचा. म्हणजे एका शॉटला सरासरी पावणेतीन टेक, बस्स.

"भावोजी, तुम्ही नुसते कॅमेऱ्यापाशी बसा आणि फूट लिहा," तो म्हणाला. "मी हातापाया पडलो तरी जास्त देऊ नका."

मी दिली नाही. तीच माझी चूक.

गोष्ट एका विधुराची आणि त्याच्या मुलीची होती. त्यामुळे भिंतीवर मेलेल्या आईचा हार घातलेला फोटो हवा होता. नवा फोटो काढून मोठा करून घ्यायला वेळ नव्हता. आमच्या कपाटात नलिनीचा लग्नाच्या वर्षीचा फोटो होता, फ्रेमसकट. सुहास मागायला चाचरत होता, तर तीच म्हणाली, "ने रे. हिरॉइन नाही तर नाही, भिंतीवर तरी बसते. संवाद पाठ करायला नकोत."

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. आम्हालाही कळत होतं. पण आम्ही सिनेमावाले झालो होतो ना...

चौथ्या दिवशी फोटोचा शॉट झाला. चंदनाचा हार, खाली निरांजन, बाप हात जोडून उभा. कट झाल्यावर मेकअपवाले पेडणेकरमामा पुढे आले. कुडाळकडचे, तीस वर्षं स्टुडिओत तोंडं रंगवलेला माणूस. ते म्हणाले, "आता बाईंका उद्या बोलवा. हसताना एक शॉट घेवचो."

"कशाला?" मी विचारलं.

"मेल्याचो शॉट झालो काय त्या माणसाक हसताना घेवचा लागता. आमच्यात तशी रीतच आसा. नायतर कॅमेऱ्यान पाह्यला तसाच रवता."

"किती लागेल?"

"दहा सेकंद पुरे."

दहा सेकंद म्हणजे सहा फूट. मी रजिस्टर उघडून सुहाससमोर धरलं. "सिनेमात लावणार आहेस का तो शॉट?"

तो कानकोंडा झाला. "लावणार नाही, पण..."

"मग नाही मिळणार."

पेडणेकरमामांनी खांदे उडवले. "तुमची बाईल, तुमची फिल्म," म्हणाले आणि नटाच्या कपाळावरचा घाम टिपायला गेले.

त्यानंतर आठवड्याभराने असेल. सकाळी मी निघालो होतो. शेजारच्या सावंतवहिनी दारात आल्या. "काय हो, नलिनी माहेरून कधी येणार?" नलिनी माझ्या शेजारी डबा घेऊन उभी होती. हातभर अंतरावर. ती हसून म्हणाली, "अगं, गेलेच कुठे मी?" सावंतवहिनी माझ्याकडेच बघत उत्तराची वाट पाहत राहिल्या. मी बोट दाखवलं तेव्हा त्या दचकल्या. "अय्या, तू इथेच का!" मग दोघी हसल्या. मीही हसलो.

दोन दिवसांनी वंदना वेणीची रिबन शोधत होती. "बाबा, आई कुठेय?" आई स्टोव्हपाशी पोळ्या लाटत होती. "खुंटीला बघ," नलिनी म्हणाली. वंदना पुन्हा म्हणाली, "सांगा ना बाबा, आई कुठे गेली?" नलिनीने लाटणं ठेवलं आणि तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा पोरगी अशी किंचाळली की मुलगा झोपेतून उठून रडायला लागला. नलिनी त्या दिवशी हसली नाही. मी मुलीला डोळे तपासायला न्यायचं ठरवलं. मला तेवढंच सुचलं.

मग तो रविवार. शूटिंगला सुट्टी होती. आमचं रेशनकार्ड फाटलं होतं, नव्याचा फॉर्म भरत मी टेबलाशी बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील, खोलीत लख्ख ऊन. कुटुंबातील व्यक्ती — नाव, वय, नातं. सगळं भरलं, खाली एकूण लिहिलं, सवयीप्रमाणे दोनदा मोजलं, सही केली. तेवढ्यात कागदावर एक बोट आलं. बांगड्या दिसल्या. बोट एकूण व्यक्तींच्या रकान्यावर होतं.

मी तिथे तीन लिहिलं होतं.

वरच्या यादीत मी, वंदना, मुलगा. माझ्याच अक्षरात, कुठे खाडाखोड नाही. घाईत राहिलं असं म्हणावं तर मी दोनदा मोजलं होतं आणि दोन्ही वेळा तीनच आले होते. वर पाहिलं तर नलिनी माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते असं वाटलं... पण मला काही ऐकू आल्याचं आठवत नाही. सावंतवहिनी विसराळू असतील, वंदनाचे डोळे अधू असतील. पण मी मोजण्यात चुकत नाही. एकोणीस वर्षांत एक वॉशर कमी-जास्त झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला पोचल्यावर पेडणेकरमामांना गाठलं. फोटो उतरवून हार काढून टाकू का, विचारलं.

"हार काढून काय व्हतला? कॅमेऱ्यान मेलेली पाह्यल्यान, आता कॅमेऱ्यानच जिती बघूक व्हयी." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "किती दिवस झाले?"

"बारा."

त्यांनी हातातला पफ डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

तोपर्यंत शूटिंग संपत आलं होतं. फिल्म किती उरली होती ते माझ्याशिवाय कोणाला माहीत असणार? चाळीस फूट. बाकी होता एकच शॉट, सिनेमाचा शेवट. मुलगी निघून गेली आहे, बाप खिडकीशी एकटा, एक मिनिट, मध्ये कट नाही. छत्तीस फूट. सुहास वर्षभर त्या एका मिनिटाबद्दल बोलत होता.

मी सुहासकडे सहा फूट फिल्म मागितली.

"वा भावोजी," तो म्हणाला. "तेव्हा मला रजिस्टर दाखवलंत. आता माझ्या शेवटातून तीन सेकंद मागताय? पेडणेकरमामांच्या सांगण्यावरून?"

"संध्याकाळी घरी ये. मग ठरव."

तो आला, कॉटवर बसला आणि अर्धा तास मला समजावत राहिला... तुम्ही थकलाय, जागरणं झालीत, ताईला दोन दिवस कोकणात पाठवा. बोलता बोलता त्याने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "ती आहे कुठे पण? भाजीला गेलीय का?"

मी म्हटलं, "सुहास, चहा कोणी दिला तुला?"

त्याने कपाकडे पाहिलं. चहा वाफाळत होता. मी तर समोरून उठलोच नव्हतो. नलिनी त्याच्यासमोर उभी होती, रिकामा ट्रे हातात धरून. आपल्या भावाकडे बघत होती. त्याने हळूहळू मान वर केली. ती त्याला दिसली तो क्षण मी पाहिला, आणि तसा चेहरा मला पुन्हा कोणाचा बघायचा नाही.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "ताई, उद्या सकाळी ये." कप ठेवताना सांडला.

सकाळी नऊला नलिनीला मुलुंडच्या त्या भिंतीसमोर उभं केलं. फोटो उतरवला होता, मागे नुसता खिळा. कॅमेरामनला आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्याने भिंगाला डोळा लावला आणि म्हणाला, "बाईंना उभं करा ना. भिंतच दिसतेय."

"उभ्याच आहेत," सुहास म्हणाला.

कॅमेरामनने डोळा काढून पाहिलं, परत लावला, परत काढला. पेडणेकरमामा मागून म्हणाले, "चालव."

कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. मी सवयीने कॅमेऱ्यावरच्या फुटांच्या काट्याकडे बघून मोठ्याने फूट मोजायला लागलो. एक... दोन... नलिनी हसेना. ती आमच्याकडे बघत होती, पण स्टेशनवर समोरच्या फलाटावरच्या गर्दीत ओळखीचं कोणी शोधावं तशी. "हस गं ताई," सुहास म्हणाला. पेडणेकरमामांनी माकडासारखं तोंड केलं. तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

सहा. मी सुहासकडे पाहिलं. आता कट म्हणायला हवं होतं. तो नलिनीकडेच बघत होता.

सात. आठ. दर फुटाबरोबर त्याच्या सिनेमाचा शेवट जात होता. बाराला मी थांबलो, तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोजत राहा, भावोजी." वीस. पंचवीस. मला दिसत होतं की चाळीसनंतर आमच्याकडे काही नाही. तीस म्हटलं तेव्हा मी अक्षरशः रडत मोजत होतो.

एकतीसला ती हसली. माझ्याकडे बघून, पदर तोंडाला लावून, आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तशी. हसतच राहिली. चाळीसला फिल्म संपून कॅमेरा रिकामा फडफडला, तरी हसत होती.

खाली उतरलो तर फुलवाली म्हणाली, "वहिनी, गजरा?" मी दोन घेतले. घरी पोचेस्तोवर सावंतवहिनींची हाक आली, "नलिनी, विरजण आहे का गं?" त्यानंतर आजतागायत तसं काही झालेलं नाही.

सुहासच्या सिनेमाला शेवट नाही. आदल्या प्रसंगावरच तो संपवला. मुलुंडला सकाळचे तीन खेळ झाले, मग डबे त्याच्या माळ्यावर गेले. तो पुन्हा एडिटरकडे कामाला आहे. मला त्याने कधी एका शब्दाने दोष दिला नाही.

लॅबमधून ते चाळीस फूट धुऊन आले तेव्हा त्याने मला अंधेरीला बोलावलं. मशीनवर आम्ही दोघांनीच पाहिलं. पहिले एकतीस फूट नुसती भिंत. खिळा स्वच्छ दिसतो, खिळ्याची सावलीसुद्धा. मग एका चित्रात भिंत आहे आणि पुढच्या चित्रात नलिनी हसते आहे. फिल्मच्या कडेला कारखान्यातून छापून आलेले आकडे असतात, दर अर्ध्या फुटाला एक. मी भिंग घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. दोनदा. एकही आकडा गाळलेला नाही, कुठे जोड नाही. "कॅमेरा थांबला असेल," असं कोणी म्हणेल. थांबला नव्हता. मी मोजत होतो.

नलिनीला आम्ही कारण कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मला वाटायचं, तिला काही कळलंच नसावं.

गेल्या महिन्यात शनिवारी टीव्हीवर सिनेमा चालू होता आणि काहीतरी बिघडून आवाज मागे पडत होता. ओठ आधी हलत होते, शब्द नंतर येत होते. मुलं वैतागली. नलिनी मटार सोलत होती. ती सहज म्हणाली, "तेव्हा तुम्ही सगळे मला असेच दिसायचात."

"केव्हा?"

"सुहासच्या शूटिंगच्या वेळी. आधी थोडाच उशीर व्हायचा. मग वाढत गेला. सकाळी तुम्ही काही म्हणालात तर मला दुपारी ऐकू यायचं, घरात कोणी नसताना. शेवटी तर काहीच येईना. त्या दिवशी तुम्ही मोजत होतात ना, तोंड नुसतं उघडत-मिटत होतं, डोळ्यांतून पाणी... म्हणून मला हसू आलं."

मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं, कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मिळेल असंही वाटत नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहावं.

त्या शनिवारी मी तिला एवढंच विचारलं, की तेव्हाच बोलली का नाहीस.

"बोलत होते की," ती म्हणाली. "रोज बोलत होते. तुम्ही वर बघायचा नाहीत."