शिरस्तेदारकाकांची फटफटी

शिरस्तेदारकाकांना घाईत असलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. काळी टोपी, गळाबंद कोट, पांढरंशुभ्र धोतर आणि हातात मिटलेली छत्री अशा थाटात ते रस्त्यानं निघाले की, पाऊल टाकण्याआधी ते जमिनीची परवानगी काढत असावेत असं वाटायचं. साताऱ्याजवळच्या एका लहानशा संस्थानात त्यांची सारी नोकरी गेली होती. त्यांच्या टेबलावर कागद पडून राहत नसत, मुरत. "घाई शिपायानं करावी, शिरस्तेदारानं नव्हे," असं ते म्हणत. पुढे संस्थान विलीन झालं तेव्हा, काकांच्या टेबलावरचे काही कागद अजून मुरायचेच होते, असं लोक म्हणत.

संस्थान गेलं, कचेरी गेली, आणि काका पेन्शन घेऊन साताऱ्यातल्या आपल्या घरी राहायला आले. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांची पुढची खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. घरात काका आणि काकू दोघंच. एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरकडे गेलेली. काकू ठेंगण्या, चपळ आणि बोलायला खणखणीत. त्या सकाळी उठल्यापासून कुणाला ना कुणाला तरी बोलत असत. दूधवाल्याला, मांजराला, ओल्या सरपणाला आणि कुणीच नसलं तर मला. काका त्यातलं काही ऐकत नसत, निदान तसं दाखवत नसत.

अशा या काकांनी साठीला आल्यावर स्कूटर घेतली. पेन्शनीच्या कामासाठी ते मुंबईला गेले होते. तिथे विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबानं आपलं घरसामान विकायला काढलं होतं. काका लिहायचं टेबल पाहायला म्हणून गेले आणि स्कूटर घेऊन आले. सातारा रोड स्टेशनावरून ती बैलगाडीतून गवतात गुंडाळून आली, तेव्हा शिरस्तेदारांनी शिवणाचं यंत्र आणलं अशी बातमी पेठेत पसरली. गवत काढल्यावर लोक आणखी घोटाळ्यात पडले. मोटारसायकल म्हणावी तर चाकं अगदी पाटाएवढी, आणि खेळणं म्हणावं तर वजन दोन माणसांना न उचलवणारं. शेवटी तिला फटफटीच म्हणायचं ठरलं. काकू बाहेर आल्या, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आणि टेबल?"

शिकवायला पोवई नाक्यावरचा एक मिस्त्री यायचा. दुष्काळी माण तालुक्यातला माणूस, लॉऱ्या आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा. स्कूटर त्यानंही जन्मात प्रथमच पाहिली होती, पण ते कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "आवं काका, इंजान म्हंजे इंजान. ल्हान असलं म्हून काय झालं?" एवढं म्हणून तो शिकवू लागला. अडचण वेगळीच निघाली. दोन चाकांच्या गाडीला उभं राहायला थोडा तरी वेग लागतो, आणि काकांना तोच मंजूर नव्हता. ते इतक्या सावकाश निघत की गाडी चार हात जाऊन आदबीनं आडवी होई. मिस्त्री पळत जाऊन दोघांना उचली आणि म्हणे, "हळू चालवा, पर लय हळू नगा चालवू. पडताय त्यानं." आयुष्यभर जे केलं त्यानंच आता आपण पडतो, हे पचवायला काकांना बरेच दिवस लागले.

पण शिकले. धोतराचे सोगे आवरून, घोट्याला सायकलवाले लावतात तसले चिमटे लावून ते सकाळी बाहेर पडू लागले. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात. उतारावर हातगाडीवालेही जात. वळण आलं की, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी, ते हात लांब करून समोरच्या शेताला खूण करत. हॉर्न मात्र वाजवत नसत. "आपण आलो आहोत हे माणसानं स्वतः ओरडून सांगू नये," असं त्यांचं मत होतं.

चालवण्यापेक्षा त्यांचा जीव गाडीच्या देखभालीत जास्त रमे. रविवारी सकाळी अंगणात पोतं पसरलं जाई, आणि ज्या माणसानं नोकरीत शाईची दौतही शिपायाकडून भरून घेतली तो स्वतः मांडी घालून बसे. पेट्रोल तेव्हा रेशनच्या कुपनावर मिळायचं आणि त्यात बराच केर असायचा, म्हणून काका ते काकूंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेत. त्यात तेल मिसळायला स्वयंपाकघरातली पळी लागे. प्लग काजळला की तो घासून, निखाऱ्यावर तापवून घ्यायचा असे. एका रविवारी काकू भाकरी उलटायला गेल्या आणि चुलीच्या तोंडाशी त्यांना प्लग शेकत असलेला दिसला. त्या दिवशी काकू जे बोलल्या ते पेठेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. पुढच्या रविवारी काकांनी प्लगसाठी वेगळी शेगडी आणली. कचेरीत असते तर या निर्णयाला वर्ष लागलं असतं.

काकू फटफटीवर बसत नसत. कधी बसणारही नाहीत, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मग वाईहून निरोप आला. तिथे काकूंच्या थोरल्या बहीण माई राहत. त्यांचं दुखणं वाढलंय, धाकटीला बोलवा म्हणतात, असं सांगायला माणूस आला तेव्हा सकाळची मोटार निघून गेली होती आणि दुपारच्या मोटारीचा भरवसा नव्हता. काका अंगणात गाडी पुसत होते. काकू घरात गेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट करून, हातात गाठोडं घेऊन बाहेर आल्या आणि एक शब्द न बोलता मागच्या गादीवर दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि गाडी चालू केली.

ती दोघं वाईला पोचली तेव्हा माई पलंगावर उठून बसून मऊ भात खात होत्या. बहिणीला फटफटीवरून उतरताना खिडकीतून पाहून त्या इतक्या हसल्या की दुखणं तिथेच उतरलं, असं काकू पुढे रागानं सांगत. माईंना पुढेही बरीच वर्षं काही झालं नाही. पण लग्न झाल्यापासून ज्या काकू माहेरच्या गावी फक्त कार्याला आणि सुतकाला गेल्या होत्या, त्या आता दर गुरुवारी वाईला जाऊ लागल्या. काका त्यांना सोडत, नदीच्या घाटावर जाऊन बसत आणि उन्हं कलली की परत आणत.

त्या जोडप्याची ये-जा हा रस्त्यावरच्या लोकांच्या करमणुकीचा विषय होता. पुढे काका ताठ, गंभीर, मुके. मागे काकूंचं तोंड सतत चालू. फटफटीच्या आवाजावर आवाज चढवून त्या बोलत राहत. पोवई नाक्यावर बसलेली माणसं म्हणत, शिरस्तेदारांना घरी ऐकावं लागायचं ते आता रस्त्यानंही ऐकावं लागतं, काय ही दशा! कुणी काकांना तसं म्हटलंच तर ते मान हलवत आणि म्हणत, "चालायचंच."

एकदा काकूंना ताप होता आणि माईंना औषध पोचवायचं होतं. काका म्हणाले, "मास्तर, चला तुम्ही." मी मागे बसलो. वेण्णेचा पूल ओलांडून आम्ही वडाच्या झाडांखालून जात होतो. काकांसारख्या माणसाच्या मागे बसून बडबड करणं बरं नव्हे, म्हणून मी गप्प होतो. पुढे रस्त्याच्या कडेला बैल सोडून एक उसाची गाडी उभी होती. काका तिच्या दिशेनं सरळ चालले होते. मला वाटलं, वळतील. ऊस अगदी हाताशी आला तेव्हा मी ओरडलो. काकांनी गाडी वळवली, उसाचं पाचट आमच्या दोघांच्या कानाला घासून गेलं. पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली. टोपी नीट करायला गेले ती आणखीच वाकडी बसली. पण आवाज कचेरीतलाच होता.

"मास्तर, तुम्ही असे गप्प काय बसता? मागे बसलेल्या माणसानं बोलावं."

मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. पुढच्या गुरुवारी ती दोघं निघाली तेव्हा मी सायकलवरून नाक्यापर्यंत मागोमाग गेलो आणि पहिल्यांदाच नीट ऐकलं. काकू म्हणत होत्या, "ही मेली म्हैस, हिला बसायला डावीकडचाच रस्ता मिळाला." काकांनी गाडी किंचित उजवीकडे घेतली. "या गाडीवानाला काय, सबंध रस्ता आंदण दिलाय का?" काकांनी वेग कमी केला. "नाक्यावर आज सगळा गाव लोटलाय वाटतं." काकांनी हात लांब केला आणि गाडी उभी केली.

काकांना दिसत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला भीतीच वाटली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काकू मेथी निवडत असताना मी विषय काढला. म्हटलं, काकू, काकांना दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, गेल्या दिवाळीपासून ठाऊक आहे. मग डॉक्टरला का दाखवत नाही, असं मी विचारलं. काकूंनी सांगितलं की त्यांनी एकदा विषय काढून पाहिला होता. काका जेवता जेवता उठून गेले होते.

"कचेरी गेली, संस्थान गेलं," काकू म्हणाल्या. "आता डोळेही गेले हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"पण तुम्ही मागून रस्ता सांगता, ते त्यांना कळतच असेल ना?"

"मी कुठं काय सांगते? मी नुसती कुरकुर करते. कुरकुर ऐकायची त्यांना सवय आहे. सांगितलेलं ऐकायची नाही."

धोका होता, आणि तो त्या दोघांपुरता नव्हता, हे मी त्यांना म्हटलं. काकूंनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, "बघते मी."

त्यांनी काही बघण्याआधीच ते घडलं. वाईहून परत येताना, पाचवडजवळच्या एका वस्तीत, कोंबडीमागे धावत एक चिमुरडी घराच्या आडून एकदम रस्त्यात आली. काकांच्या पाठीआड बसलेल्या काकूंना ती दिसायला उशीर झाला. त्या नुसत्या "अहो" म्हणाल्या. त्या शब्दात कुरकुर नव्हती, आणि कदाचित म्हणूनच काकांनी गाडी तिथल्या तिथे आडवी घातली. दोघंही धुळीत पडली. पोरीला गाडी लागली नव्हती. ती घाबरून जागच्या जागी रडत उभी होती. काकूंनी उठून तिला उचललं, तिच्या आईच्या हातात दिलं आणि आईचे चार शब्द मान खाली घालून ऐकून घेतले. काका रस्त्यातच बसून होते. विचारत होते, "पोर कुठंय? पोर बरी आहे ना?" पोर त्यांच्यापासून दोन हातांवर होती.

त्या संध्याकाळी ती दोघं फटफटी एका लॉरीत टाकून परत आली. काकूंचा आवाज घरात ऐकू येत नव्हता.

सकाळी काकू अंगणात आल्या त्याच कंबरेवर हात ठेवून. काकांना आणि मला दोघांनाही ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी जाहीर केलं की कंबर गेली. फटफटीचे हादरे आता सोसायचे नाहीत. वाईला जायचं तर मोटारीनं जाईन, आणि तेही तुम्ही बरोबर असलात तर.

"तुम्हाला एकट्याला हिंडायचं तर हिंडा," त्या म्हणाल्या. "मी काही बसायची नाही."

काका गाडी पुसत राहिले. मग त्यांनी फडकं घडी करून गादीवर ठेवलं आणि म्हणाले, "तुझी कंबरच गेली म्हटल्यावर ठेवून काय करायची?"

गाडी मिस्त्रीनं नेली. तिचं इंजिन काढून त्यानं आपल्या माणातल्या गावी विहिरीवर बसवलं. विहिरीला पाणी नव्हतं, पण इंजान झकास चालतंय, असं तो साताऱ्याला आला की काकांना आवर्जून सांगे. काका समाधानानं मान हलवत. आणि फटफटी का विकली असं कुणी विचारलं, तर सावकाश, एकेक शब्द तोलून सांगत, "काय करणार? हिची कंबर." पेठेतल्या लोकांना काकांची कीव येई. म्हातारपणी माणसाला एक शौक होता, तोही बायकोनं करू दिला नाही, असं बोललं जाई. काकूंच्या कानावर ते येई. त्या मांजराला बोलत.

पुढे माझी बदली सांगलीला झाली. दोनएक वर्षांनी काका-काकू माझ्याकडे उतरले. मिरजेला काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्याला त्यांना कुणी कसं तयार केलं हे मी विचारलं नाही. भिंगासारखा जाड चष्मा लावून काका ओसरीवर बसले होते आणि नव्यानं दिसणारं जग सावकाश तपासून घेत होते. भिंत, कुंडी, माझे विरळ होऊ लागलेले केस.

समोर आडावर काकू पाणी काढत होत्या. नको नको म्हणत असतानाही त्यांनी रहाट हातात घेतला होता. एक घागर भरली, दुसरी भरली. एक डोक्यावर, एक कंबरेवर घेऊन त्या पायऱ्या चढून आल्या, घागरी रिकाम्या केल्या आणि पुन्हा गेल्या. काका पाहत होते. पुष्कळ वेळ पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात शेजारचे जैन अण्णा गप्पा मारायला आले. काकांकडे फटफटी होती एवढंच त्यांनी माझ्याकडून ऐकलेलं होतं. बसता बसता त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काका, तुमी फटफटी चालवत हुता म्हनं. मग विकली का हो?"

काकू भरली घागर कंबरेवर घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग अण्णांकडे वळून, नेहमीपेक्षाही सावकाश म्हणाले, "हिची कंबर. फार त्रास होता हो हिला."

काकूंनी घागर खाली ठेवली आणि कंबरेवर हात दाबून धरला.