राखण

रांझीतल्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ मला रोज संध्याकाळी भेटायचे. नाव कधी विचारलं नाही. बाकावर बसण्याआधी ते दोन्ही खिसे चाचपायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म गेला, तिथे काडेपेटी चालत नसे.

"इतके बॉम्ब भरले या हातानं," ते म्हणायचे. "परग्रहावरचे लोक राखण करून राहिले, म्हणून दुनिया टिकली." मी मनातल्या मनात हसायचो.

परवा अंधार पडताना आकाशातून दिव्यांची लांब रांग सरकत गेली. त्यांचा चेहराच उतरला.

"काकाजी, ते इंटरनेटचे सॅटेलाइट आहेत. माणसांनीच सोडलेले," मी जपून सांगितलं.

"पक्कं?" त्यांनी मोठा श्वास सोडला. "चलो, बरं झालं. मले वाटलं, आपल्याले सोडून चालले ते."

या वेळी मी हसलो नाही. मलाही हायसं वाटलं होतं.