साक्याची संगत

नम्रताला एका जागी बसवणं म्हणजे जिवंत कुर्ली टोपलीत ठेवणं, असं तिचे वडील म्हणत. रत्नागिरीजवळच्या त्यांच्या हापूसच्या बागेतून ती पीएचडीपर्यंत पोचली, तीही धावतच. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापला की आत कधी कधी पांढरट, आंबट साका निघतो. त्यामागचं जनुक तिला शोधायचं होतं. हजारो जनुकांपैकी कोणती एकत्र जागी होतात नि एकत्र झोपतात, याचं जाळं तिने संगणकावर विणलं. ज्याचं काम ठाऊक नाही ते जनुक त्याच्या संगतीवरून ओळखायचं. सोयरीक जुळवताना आपण दुसरं काय करतो?

जाळ्यात एक अनोळखी जनुक सापडलं, फक्त साक्याच्या फोडींत जागं होणारं. तिचे मार्गदर्शक सर खूश झाले. शिष्यवृत्ती मार्चला संपत होती. त्याआधी शोधनिबंध छापून आला तरच तिची पुढची सोय होती. वडिलांनी तर वाडीभर पेढे वाटले. नम्रता मात्र सकाळपासून ओटीवर येरझारा घालत होती. त्या जनुकाभोवतीची मंडळी तिला खटकत होती. निम्मी तर फळ कापल्यावर, उन्हात तापल्यावर उठणारी. साक्याच्या घरी हे वऱ्हाड कशाला?

शेवटी ती स्वयंपाकघरात शिरली. "आई, मे महिन्यात फोडी गोठवायच्या डब्यात तूच भरल्यास ना? सगळ्या लगेच?"

"चांगल्या लगेच भरल्या गो," विमलाबाई म्हणाल्या. "साक्याच्या पडवीत ठेवल्या, मागनं भरल्या. नासका चांगल्यात ठेवू नये, आढी नासते."

नम्रता तिथेच खाली बसली. म्हणजे ते जनुक साक्याचं नव्हतंच, पडवीतल्या उन्हाचं असणार. आईचा असा राग आला की समोरचं भांडं उचलून आपटावं. पण फोडी आईच्या हवाली करून ती स्वतः कुठे होती? शेजारच्या बागेत, आणखी आंबे आणायला. तेवढा वेळसुद्धा तिला बसवलं नव्हतं. आणि आता आंबा पुढच्या एप्रिललाच.

"चुकलं काय गो माझं?" आईने विचारलं.

तिने सरांना फोन लावला. निबंध पाठवू नका, साक्याच्या फोडी उशिरा गोठवल्यात, एवढंच सांगितलं.

मग सर म्हणाले, "हे काम कुणाकडे होतं?"

आई पदराला हात पुसत तिच्याकडे बघत होती.

"माझ्याकडेच, सर," नम्रता म्हणाली.