धुळ्याला जाणारा गठ्ठा

अन्याय झाला तो जळगावच्या सराफ बाजारामागे राहणाऱ्या एका बंगाली कुटुंबावर. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी, धुळ्याच्या बसस्टँडवर. आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोक ‘काहीतरी गैरसमज झाला म्हणे’ असं बोलायला लागले. गैरसमज कसला? चार धडधाकट माणसांनी एकाची कॉलर धरली होती.

हे कुटुंब तीन पिढ्या एक बंगाली साप्ताहिक काढतं. चार पानं, बंगालहून इकडे येणाऱ्या सोन्याच्या कारागिरांसाठी. घरातल्या आजोबांची नजर दागिन्यांच्या बारीक कामात गेली, तेव्हा त्यांनी ते सुरू केलं. कारखान्यात एकजण अंक मोठ्यानं वाचतो, बाकीचे मान खाली घालून काम करत ऐकतात. शेवटच्या पानावर नवा कारागीर कोण आला, कुठल्या गावचा, कुठल्या गल्लीत उतरला, हे छापायची रीत आहे. ते वाचून त्याचे गाववाले त्याला शोधत येतात आणि जेवायला घेऊन जातात.

माझ्या मोर्चांची सगळी पत्रकं याच कुटुंबाच्या छापखान्यात निघाली. मजकूर बघून छापखाना चालवणारे काका म्हणायचे, “एवढी उद्गारचिन्हं माझ्याकडे शिल्लक नाहीत, पोरी.”

धुळ्याचा गठ्ठा दर शुक्रवारी त्यांचा मुलगा एसटीनं न्यायचा. मी त्याला दादा म्हणते. जन्म जळगावचा, शाळा जळगावची, शिव्यासुद्धा इथल्याच. पण वर्षभरात बंगाली बोललं की माणसं वळून बघायला लागली होती. म्हणून त्या दिवशी काकूंनी गठ्ठा मराठी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तेच अंगाशी आलं. स्टँडवर सुतळी सुटली, आतली अक्षरं दिसली आणि चौघांनी त्याची कॉलर धरली. साधा पेपर आहे तर लपवून का आणलास, बांगलादेशी आहेस का? त्याला पोलीस चौकीत नेलं, सगळा मजकूर मराठीत सांगायला लावला. त्यानं सांगितला. एक लग्न, एक श्राद्ध, कुणाला तरी रक्त हवंय. संध्याकाळी सोडलं. तोवर त्या चौघांनी शेवटच्या पानाचे फोटो काढून घेतले होते. नावं, गावं, गल्ल्या.

मग कारागिरांचे निरोप यायला लागले. आमचं नाव छापू नका. काहींनी तर पेपरच नको म्हणून कळवलं. दादा घराबाहेर पडेना, दार वाजलं की आतल्या खोलीत जायचा. काकूंनी मशीनवर चादर टाकली आणि आता अंक बंद म्हणाल्या. अंक काढायला मी आहे, पण धुळ्याला नेणार कोण, असं काकांनी विचारलं. मी नेते म्हटलं.

काकू माझ्यावर चिडल्या. “तुला तुझं मराठी आडनाव चौकीतून सोडवून आणेल. म्हणून बोलतेस.”

खरं होतं ते.

पुढच्या शुक्रवारी गठ्ठा न गुंडाळता मांडीवर घेऊन एसटीत बसले. मोर्चात पुढे चालणारी मी, पण कुणी मागून चढलं की वळून बघत होते. पहिल्या पानावर मी ओढणी पसरली होती. एरंडोल गेल्यावर लक्षात आलं, मीही गुंडाळतेच आहे. ओढणी काढली.

पारोळ्याला एक अक्का शेजारी बसली. “काय शे व माय हाई?”

बंगाली पेपर, मी म्हटलं.

“तुले वाचता येस का?”

नाही, म्हटलं.

“मंग कसाले लई चालनी?”

कशाला घेऊन चाललीस म्हणत तिनं एक अंक उचलला, फोटो बघितले, घडी नीट करून परत ठेवला.

धुळ्यात कारखान्याचं शटर अर्ध्यावर होतं. खालून हात आला, अंक आत गेला. मी थांबले. वाचल्याचा आवाज आला नाही. पुढच्या दोन ठिकाणी कुणी शटरच उचललं नाही.

अंक अजून निघतो. नव्यांची नावं छापणं बंद आहे. दर शुक्रवारी मला जमत नाही, आणि एकाच मुलीच्या मांडीवर बसून हे साप्ताहिक जगणारही नाही. तुम्ही जळगावहून धुळ्याला जाता ना? मग सकाळी छापखान्यात या. गठ्ठा घ्या, मांडीवर उघडा ठेवा आणि कुणी विचारलं तर काय आहे ते सांगा. भीती वाटेल. तरी या शुक्रवारी तुम्ही न्या.